लाचखोराचे वकीलपत्र



वसंत व्याख्यानमालेत संत, शाहीर, इतिहासकार यांना बोलावण्याची आपली जुनी चाल आहे. त्या रांगेत फौजदारी वकील उभा करण्याचे धाडस आपल्या चिटणिसांनी केले आहे, त्याचे परिणाम त्यांनीच भोगावेत. माझ्याकडून एवढेच आश्वासन देतो की, आज मी तारीख वाढवून मागणार नाही.

विषय मीच सुचवला. चाळीसएक वर्षांच्या वकिलीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कायद्याचा नव्हे. लग्नात पंगतीला बसलो असता, बेलापूरला जाताना गाडीत, इतकेच काय पण स्मशानातसुद्धा लोकांनी मला विचारले आहे : “अहो, त्या लाचखाऊ माणसाचे वकीलपत्र तुम्ही घेतलेतच कसे?” खुन्याचा वकील लोकांना चालतो. खुनात राग असतो, वेड असते, काही वेळा अपमानही असतो. परंतु टेबलाखालून पैसे घेणाऱ्याबद्दल कोणालाच दया येत नाही, आणि ती का येत नाही हे या गावाला मी सांगायला नको. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर हे शहर बसले. ज्याची जमीन गेली त्याच्या हाती जमिनीऐवजी कागद आला. नोटीस, उतारा, वारसनोंद, भरपाईचा आदेश. आणि जेथे माणसाचे सारे आयुष्य एका कागदावर येऊन ठेपते, तेथे तो कागद ज्याच्या कपाटात आहे तो मनुष्य राजा होतो.

लाचेचा खटला काही आजचा नाही. आपल्याकडचा गाजलेला जुना खटला 1888 सालचा, आर्थर क्रॉफर्डचा. हा गृहस्थ एकेकाळी मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. ज्या मंडईला पुढे महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव मिळाले ती आधी याच्याच नावाने ओळखली जाई, आणि भाजी आणायला जाणारे पुष्कळ लोक अजून तेच नाव घेतात. पुढे तो रेव्हेन्यू कमिशनर झाला आणि मामलेदारांकडून बदलीबढतीसाठी पैसे घेतो असा आरोप त्याच्यावर आला. पुण्यात चौकशी कमिशन बसले. पैसे दिल्याचे खुद्द मामलेदारांनी सांगावे म्हणून त्यांना अभयाचे वचन देण्यात आले. कमिशनने लाचेच्या आरोपातून साहेबाला मोकळे केले; हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल त्याची नोकरी तेवढी गेली. आणि ज्यांनी वचनावर विश्वासून साक्षी दिल्या त्या मामलेदारांवरच गहजब उठला. त्यांची बाजू घेऊन टिळकांना उभे राहावे लागले. देणारा आणि घेणारा यांत गुन्हेगार कोण, हा घोळ तेव्हापासूनचा आहे. 2018 साली कायद्यात दुरुस्ती होऊन देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र ज्याला नाइलाजाने द्यावे लागले त्याने सात दिवसांत कळवले तर तो सुटतो. सात दिवस! आपल्या उरण-पनवेलकडच्या शेतकऱ्याला हे ठाऊक असेल अशी कायदेमंडळाची समजूत दिसते.

पण वकिलाच्या दृष्टीने ज्या खटल्यापाशी थांबावे असा एकच आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. बॅरिस्टर अंतुले मूळचे रायगड जिल्ह्यातले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, 1981 साली मिळाले. ते जून 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते, पोत्यापोत्याला परवाना लागे. बिल्डरांना सिमेंट मिळते आणि त्यांच्याकडून एका प्रतिष्ठानाला देणग्या जातात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असा बोभाटा 1981 साली वृत्तपत्रांतून झाला. 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध असल्याचा निष्कर्ष दिला, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला.

येथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खरा फौजदारी खटला पुढेच सुरू झाला. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी खाजगी फिर्याद केली. राज्यपालांची मंजुरी 1982 च्या जुलैत मिळाली, तीही काही मुद्द्यांपुरतीच. 1983 साली विशेष न्यायाधीशांनी आरोपीला सोडून दिले. कारण काय, तर आमदार हा लोकसेवक आहे आणि त्या नात्याने लागणारी मंजुरी घेतलेली नाही. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने राम जेठमलानी उभे होते. 16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला, आणि त्याच दमात खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला, रोजच्या रोज चालवा म्हणून. लोकांना वाटले, छान झाले. मलाही वाटले; मी तेव्हा कोवळा वकील होतो आणि कोवळ्या वकिलाला जलद न्याय फार आवडतो.

चूक काय झाली ती आरोपीच्या बाजूने दाखवून दिली. 1952 चा कायदा म्हणतो, असे खटले विशेष न्यायाधीशापुढेच चालतील. तेथे शिक्षा झाली तर आरोपीला उच्च न्यायालयात अपील करता येते. खटलाच उच्च न्यायालयात नेला म्हणजे ते अपील गेले. आणि हा हक्क काढून घेताना त्या एका मुद्द्यावर आरोपीला ‘तुझे म्हणणे काय’ असे कोणी विचारलेही नव्हते. मधल्या काळात उच्च न्यायालयात 57 साक्षीदार तपासून झाले होते, न्यायमूर्ती बदलले होते, 79 दोषारोप ठेवले गेले होते. तरी 29 एप्रिल 1988 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बहुमताने स्वतःच्याच न्यायालयाचा चार वर्षांपूर्वीचा आदेश चुकीचा ठरवला : न्यायालयाच्या चुकीने कोणाचेही नुकसान होता कामा नये, मग न्यायालय कितीही थोर असो.

श्रोतेहो, मला विचाराल तर त्या दिवशी फिर्यादी पक्षाचे मोठे नुकसान झाले. इतक्या साक्षींनंतर प्रकरण पुन्हा खालच्या कोर्टात गेले. पुढे 1991 साली, इतकी वर्षे झाली, आता खटलाच रद्द करा, असेही आरोपीने मागितले. न्यायालयाने शीघ्र न्याय हा मूलभूत हक्क आहे असे मान्य केले आणि खटला मात्र रद्द केला नाही. संतापलेल्या माणसाला या साऱ्यात वकिली कावा दिसेल, आणि तो मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु 1988 च्या त्या निकालाचा आधार आज ठाण्याच्या कोर्टात एखाद्या रिक्षावाल्याचा वकील घेतो, तेव्हा कोणी अंतुल्यांची आठवण काढीत नाही. बलवंत माणसाजवळ शेवटपर्यंत लढायला पैसा असतो आणि त्याच्या लढाईतून दुबळ्याला वाट सापडते. ही वाट अशा दाराने यावी हे मला आवडत नाही, पण ती तेथूनच आलेली आहे.

आता माझ्याबद्दल. नियम असा की, आरोपी दोषी आहे असे मनातून वाटले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा. अमक्या आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठराव वकीलसंघ करतात. ते ठराव रद्दबातल आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. नियम ठीक आहे. माणूस मात्र थकतो.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयातला मधल्या पायरीवरचा अधिकारी माझ्याकडे आला. सापळ्यात सापडलेला. सापळा कसा असतो ते थोडक्यात सांगतो. फिर्यादीच्या नोटांना अँथ्रासिनची पूड लावतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, जंबुपार दिव्याखाली निळसर चमकते. एक पंच फिर्यादीबरोबर आत जातो, मागणीचे शब्द कानाने ऐकण्यासाठी. बाकीचे इशाऱ्याची वाट पाहत बाहेर. माझ्या अशिलाची बोटे चमकली, खिसा चमकला. परंतु पैसे सापडणे एवढे पुरत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते, हे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. (2022 साली घटनापीठाने सांगितले की ती परिस्थितीजन्य पुराव्यानेही सिद्ध होऊ शकते. आमचा निकाल त्याच्या आधीचा.) उलटतपासणीत मी पंचाला विचारले, तुम्ही कोठे उभे होता? तो सरळ मनुष्य होता, दुसऱ्या खात्यातला कारकून. म्हणाला, दाराबाहेर, आत गर्दी होती. शब्द ऐकू आले? नाही आले. मी खाली बसलो. एवढ्यासाठीच मला पैसे मिळतात.

अशिलाने मला खोलीत काय सांगितले होते ते मी आपल्याला सांगणार नाही. जुन्या पुरावा कायद्यात त्याला मनाई होती, 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यातही आहे. आणि कायदा नसता तरी सांगितले नसते. तो सुटला.

बाहेर व्हरांड्यात फिर्यादी उभा होता. उरण तालुक्यातला शेतकरी, पन्नाशीचा, धुतलेला सदरा घालून आलेला. मला वाटले, हा आता शिव्या देणार. त्याने हात जोडले. “वकीलसाहेब,” तो म्हणाला, “तुम्ही मला एकदा सुद्धा खोटारडा म्हणाला नाहीत, ते मी ऐकले. पण एवढे सांगा, त्याने पैसे मागितले की नाही?” मी म्हणालो, “दादा, ते मला सांगता येत नाही.” तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.”

मी काही बोललो नाही. माझी पुढच्या खटल्याची वेळ झाली होती, शिपाई नाव पुकारत होता. जिना चढताना माझे पाय दुखत होते एवढे आठवते. त्याचा कागद त्याला मिळाला होता. फिर्याद केल्यावर तीन वर्षांनी.

घरी गेल्यावर बायकोने विचारले, काय झाले? म्हटले, जिंकलो. ती म्हणाली, मग जेवत का नाही? या प्रश्नाचेही उत्तर मी दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात दोन माणसे बसलेली होती. एक लाच घेतल्याच्या आरोपातला ग्रामसेवक, आणि दुसरा मनुष्य ज्याच्याकडे कोणीतरी लाच मागत होते आणि सापळ्याची तक्रार कशी करावी हे ज्याला विचारायचे होते. मी आधी दुसऱ्याला आत बोलावले. ग्रामसेवकाचे वकीलपत्रही घेतले.

 प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने विचारावेत.