कूलरचं पाणी: टाकणं वेगळं, बदलणं वेगळं



नवतपा लागला की बल्लारपूर, राजुऱ्याकडे दुपारी उंबऱ्याबाहेर पाय ठेववत नाही. पारा ४५ च्या पुढे आणि घरोघरी कूलर सुरू. गटाच्या बैठकीत मी विचारते, “कूलरचं पाणी कधी बदललं?” उत्तर ठरलेलं, “रोज तर टाकतो जी!” पण टाकणं म्हणजे बदलणं नव्हे.

जुना माठ आठवा. त्याला बाहेरून पांढरी खार फुटते. पाणी झिरपून हवेत उडतं, म्हणून माठ गार होतो. पाण्यातला क्षार मात्र उडत नाही. कूलरमध्ये हेच घडतं. समजा टाकी ४० लिटरची आहे आणि रोज ४० लिटर पाणी उडतं. तुम्ही रोज तेवढंच टाकता. दहा दिवसांनी टाकीत पाणी ४० लिटरच, पण क्षार ४४० लिटरचा! ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तिथे तर ताट्या लवकरच कडक होतात, मोटरचं तोंड बुजतं आणि हवा गार येत नाही. मग आपण म्हणतो, कूलर जुना झाला.

क्षाराने फक्त पैसा जातो. डासाने माणूस जाऊ शकतो. डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. आरोग्यवाल्या ताई हे सांगतात तेव्हा आपण मान हलवतो आणि रांजण तेवढा धुतो, कूलर राहतो.

हंड्याने पाणी आणणाऱ्या ताई विचारतील, एवढं पाणी फेकायचं कसं? फेकायचं नाहीच. कोरड्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी टाकीत भर घालू नका. पाणी तळाशी गेलं की मोटर बंद करा, नाहीतर ती जळते. उरलेल्या चार-पाच लिटरने मोरी धुवा. तुळशीला घालू नका, खारं असतं.

साफ करताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. मग टाकीच्या भिंती ब्रशने घासा. फक्त खळखळून धुतलं तर अंडी निघत नाहीत, ती भिंतीला चिकटलेली असतात. पांढरा थर लिंबाने किंवा चिंचेच्या कोळाने सुटतो. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि वास येतो म्हणून चालू कूलरच्या पाण्यात फिनेल टाकू नका. ती हवा समोर निजलेलं लेकरूच घेतं.

मृगाचा पाऊस पडला की कूलर कोपऱ्यात जातो, तळाशी वीतभर पाणी तसंच. मला सगळ्यात धोक्याचं हेच वाटतं, कारण डेंग्यू पावसाळ्यात वाढतो. डासाची अंडी कोरड्या टाकीतही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. म्हणून ठेवण्याआधी टाकी घासून उन्हात वाळवा, ताट्या काढून ठेवा. परसात पडलेल्या मोडक्या कूलरचं बूच काढून टाका, म्हणजे पावसाचं पाणी साठणार नाही.