बोलण्याची इंग्रजी, अभ्यासाची इंग्रजी



मूल फाडफाड इंग्रजी बोलू लागले की पालक निश्चिंत होतात. पुढे नववी-दहावीत विज्ञानाचे गुण घसरतात आणि दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून आपल्या समजुतीचा आहे.

संभाषणाची भाषा निराळी आणि अभ्यासाची निराळी, हा भेद भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना संभाषणाची इंग्रजी सुमारे दोन वर्षांत साधे. अभ्यासाच्या इंग्रजीत मात्र इतरांची बरोबरी करण्यास पाच ते सात वर्षे लागत. त्या मुलांभोवती अष्टौप्रहर इंग्रजी होती. आपल्या मुलांना तर तेही लाभत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. सेमी-इंग्रजीत गणित व विज्ञानही इंग्रजीतून येते. तेथे ‘डिफाइन’, ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’ यांतील भेद न कळल्यास उत्तर ठाऊक असूनही गुण जातात. उलट ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द आपला अर्थ आपणच सांगतो. संकल्पना मराठीतून पक्की झाली की इंग्रजी संज्ञा तिच्यावर सहज बसते.

म्हणून इंग्रजीचा द्वेष नको, तसा तिचा धाकही नको. रोज रात्री मुलाने इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचावे आणि त्याचा आशय घरच्यांना मराठीत सांगावा. सांगता आला, तर विषय समजला. नाही आला, तर केवळ पाठ झाला.