क्राऊन बदलायचा की टायर?

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गिअर.

माझा काका कर्जतला पिकअप चालवतो. फार्महाऊसवाल्यांचं सामान. कळंबोलीहून पत्रे, पाईप आणायचे, आणि आठवड्यातून दोनदा माल भरून खोपोलीवरून बोरघाट चढून लोणावळ्याला. दोन वर्षांत दोन क्लचप्लेट गेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "मागचा क्राऊन-पिनियन बदलून टाक, गाडी घाटात पळेल." खर्च म्हणजे काकाचे गाडीचे दोन हप्ते. काकाचा फोन आला, "तू इंजिनिअर ना? मग सांग, करू का नको?"

आता मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकला गिअरचा एक चॅप्टर होता, त्याचा पेपर सुटला एवढंच आठवतं. पण म्हटलं, "काका, आठवडाभर थांब. आधी मोजू."

रेशो मोजायला गाडी उघडावी लागत नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, खाली घोडी लावायची. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. दोन का? तर दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून डिफरन्शियलमध्ये क्राऊन निम्माच फिरतो. शाफ्टवर खडूची खूण केली होती. चार फेरे झाले आणि वर थोडंसं. म्हणजे साधारण 4.1. क्राऊनला 41 दात, पिनियनला 10, असं धरा.

गॅरेजवाला सांगत होता तो सेट 41 ला 9. म्हणजे 4.56. पिनियनचा एक दात कमी, की चाकावरची ओढ 11 टक्के वाढली. पहिल्या गिअरमध्येही वाढली, पाचव्यातही. घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून चढावर गाडी उचलताना क्लच जळतो ना, तिथे हे खरंच कामाचं आहे. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता.

पण ही सेटिंग ग्लोबल आहे, मंडळी. फक्त घाटासाठी लागू करता येत नाही. चौकवरून पनवेलला रिकामी गाडी जातानाही इंजिन तेवढ्याच स्पीडला 11 टक्के जास्त फिरणार. ताशी 60 ला चौथ्या डायरेक्ट गिअरमध्ये जिथे साधारण 1850 आरपीएम, तिथे 2060. आवाज जास्त, आणि सपाटीवर डिझेलही जास्त जाणार. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही चुकीचा दाखवणार. आणि फिटिंग! क्राऊन-पिनियन जोडीनेच येतात, शिम लावून दातांमधली फट बसवावी लागते. ती चुकली की गाडी जन्मभर रडते.

कर्जत स्टेशनला पुण्याकडे जाणारी गाडी का थांबते माहितीये? वडापावसाठी नाही. पुढे घाटात 37 ला 1 चा चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात आणि वर चढल्यावर सोडतात. घाटापुरती जादा ताकद, बाकी मुंबई-पुणे तीच गाडी. उलट नेरळ-माथेरानची छोटी गाडी बघा. तिचं सगळं आयुष्यच चढात, 20 ला 1, म्हणून तिचं इंजिनच त्या हिशोबाचं. तसंच रोज नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत भाडी मारणारा मला विचारेल, तर मी म्हणेन, बदल बाबा.

काका कुठल्या बाजूचा? त्याच्या फोनवर दोन आठवडे जीपीएस लॉग लावला. भरलेल्या गाडीने घाट चढणं शंभरातले सहा किलोमीटर निघालं. बाकी सगळी सपाटी.

आणि मग मी टायर वाचले. कंपनीचा साईज 215/75 आर 15. काकाने मागच्या वर्षी "मजबूत दिसतात" म्हणून 235/75 घातलेले! व्यास 703 वरून 733 मिलीमीटर. चाक मोठं झालं की ओढ कमी होते, इथे चार टक्क्यांनी. म्हणजे 4.1 चा रेशो 3.93 सारखा वागतोय. मोठे टायर घालून घालवलेली ताकद काका क्राऊन बदलून विकत घ्यायला निघाला होता.

हे सांगितल्यावर काका दोन मिनिटं बोललाच नाही. मग म्हणाला, "टायर अजून अर्धे बाकी आहेत."

म्हणून सध्या ठरलंय असं: क्राऊन नाही. हे टायर झिजले की मूळ साईज. तोपर्यंत लोणावळ्याचा माल दोनऐवजी तीन खेपांत, आणि घाटात गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. तिसऱ्या खेपेचं डिझेल कोण देणार, यावर काका आणि गिऱ्हाईकाचं अजून भांडण चालू आहे. काकू म्हणते हा सल्ला महाग पडला. टायर बदलल्यावर पुन्हा लॉग लावणार आहे, आकडे पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये सांगतो.