गादी आपल्या कापसाची

सख्यांनो, संध्याकाळच्या चुली पेटल्या असतील, तरी हात चालू ठेवून ऐका. आज आम्ही गादीविषयी बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटात याच गादीवरून जेवढी वादावादी झाली तेवढी व्याजाच्या दरावरूनही झाली नव्हती.

झालं असं, की गटातल्या एका ताईंनी बैठकीत बारा हजारांचं कर्ज मागितलं. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि आंदणात फोमची गादी द्यायची होती. त्यांच्या ओसरीत त्या वेळी कापसाचा ढीग आढ्याला टेकला होता. भाव वाढेल म्हणून ठेवलेला. त्या ढिगाच्या बाजूला सतरंजी टाकून घरची माणसं झोपत होती, आणि गादी मात्र दुकानातून, हप्त्यावर. आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, "अवं, घरात एवढा कापूस हाये अन् तू गादी इकत आनतं काहून?" ताई म्हणाल्या, "आजी, पाहुण्याईले फोमच लागते ना आजकाल."

मग आम्ही हिशोब मांडला. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे दहा किलो रुईला तीस किलोच्या आसपास कापूस लागतो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. त्या भावाने तीस किलोचे सव्वादोन हजार होतात, आणि सरकी गेली तर तिचेही पैसे येतात. वर कापड, पिंजाई, भराई, शिलाई. तीन बाय सहाच्या एका गादीला आम्ही आठ ते दहा किलो रुई धरतो. सगळं मिळून फोमच्या निम्म्याही पैशात गादी होते. आम्ही त्या ताईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, कर्ज राहू दे, गादी गटच भरून देतो. आणखी तिघींनी मागणी नोंदवली. चार गाद्या.

आणि आम्ही चुकलो. चांगला कापूस विकायला ठेवला आणि गाद्यांसाठी कवडी घेतली. शेवटच्या वेचणीचा, बोंडअळीने खाल्लेला, पिवळट पडलेला कापूस. गादीच्या आतलं कोण पाहते, असं वाटलं. गादी भरली तेव्हा टम्म फुगलेली दिसली. एक पावसाळा गेला आणि आत गोळे झाले. मध्ये खड्डा, कडेला उंचवटे. लेकीच्या सासूबाई म्हणाल्या म्हणे, तुमच्या गटाच्या गादीवर झोपण्यापेक्षा जमीन बरी. त्या ताई दोन बैठकींना आल्याच नाहीत.

आम्ही चारही गाद्या परत आणल्या आणि उसवल्या. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. तालुक्याच्या गावी एक वयस्कर पिंजारीचाचा आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर धुनकी असायची. दिवाळीनंतर तिचा आवाज आला की गल्लीतल्या बाया जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. आता चाचांकडे मशीन आहे. त्यांनी आमची रुई हातात घेतली, काही बोलले नाहीत, नुसती चिमटीने ओढून दाखवली.

ती परीक्षा तुम्हीही शिकून घ्या. रुईची लहानशी चिमूट घ्यायची. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायची, तुटलेले दोन भाग एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची. चार-पाच वेळा केलं की धागे एका दिशेला सरळ होतात. ते तुमच्या बोटाच्या एका पेराहून लांब दिसले तर रुई चांगली. भुगा पडला, गाठी राहिल्या, तर ती कवडी किंवा गिरणीचा कचरा. कच्चा धागा पोकळ आणि मऊ असतो, अंगाच्या भाराखाली चपटा होतो आणि एकमेकांत गुंततो. म्हणून गोळे होतात. पक्का धागा दबतो, पण ऊन दाखवलं की पुन्हा उठतो.

बाजारात तयार गादी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. स्वस्तातल्या गादीत रुई म्हणून पुष्कळदा जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून भरलेल्या असतात. आतली चिमूट काढली की रंगीत दोरे दिसतात. त्यात पॉलिस्टर असते. ओळखायचं कसं? चिमूटभर रुई अंगणात, चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि त्याचा कडक काळा मणी बनतो. दुकानदार रागावला तर रागावू द्या. जो शिवण उसवून आतलं दाखवत नाही त्याची गादी घेऊ नका. शक्य असेल तर डोळ्यांसमोरच भरून घ्या. आधी रिकामी खोळ काट्यावर ठेवा, मग भरलेली. वजनाचा घोळ इथेच होतो.

कापड म्हणजे गादीपाट, जाड आणि घट्ट विणीचा हवा. उन्हासमोर धरला आणि सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर त्यातून रुई बाहेर येणार. टाके दाभणाने, दुहेरी दोऱ्याने, वीत-वीतभर अंतरावर. अंतर जास्त ठेवलं की रुई सरकते. आमच्या पहिल्या गाद्यांत तीही चूक होती. दोरा वाचवला होता.

दुकानात आता काथ्याच्या गाद्याही मिळतात. नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकाने चिकटवून पाट बनवतात. कडक असतात, हवा खेळते, काही जणींच्या पाठीला बऱ्या वाटतात. मात्र एकदा चुरा व्हायला लागला की त्या पुन्हा भरता येत नाहीत. शिवाय वरचा थर फोमचाच असतो का, ते चेन उघडून बघा. झाडाच्या रबराची, म्हणजे लेटेक्सची गादी टिकाऊ खरी, पण तिची किंमत आपल्यासारख्यांच्या हिशोबात बसत नाही, आणि तिला कडक ऊन चालत नाही. आपल्या नरखेडच्या वैशाखात गच्चीवर गादी टाकायची सवय असलेल्या बाईने ती घेऊच नये!

काटेसावरीचा कापूस मात्र विसरू नका. उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि पांढरे झुपके वाऱ्यावर उडतात, तोच. तो रेशमासारखा गुळगुळीत, त्यामुळे सूत काततच नाही, पण उशीला त्यासारखं दुसरं नाही. हलका आणि ओल न धरणारा. गादीला नको, पार दबून जातो. पोरांना सांगा, बोंडं उलण्याच्या आधी काढून टोपल्यात झाकून वाळवा, नाहीतर घरभर बर्फ पडल्यासारखं होते.

आता घरचा कापूस वापरणाऱ्यांसाठी. महिनोन्महिने घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, पोरांच्या हातापायावर पुरळ येते, हे आपण सगळ्यांनी भोगलेलं आहे. तसा कापूस गादीत घालू नका. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा स्वच्छ, कोरडा कापूस बाजूला काढा, जिनिंगवरून सरकी काढून घ्या, पिंजण्याआधी रुईला दोन दिवस ऊन द्या. पिंजताना तोंडाला ओला रुमाल बांधा. आम्ही पहिल्या वेळी बांधला नाही आणि आमच्यातल्या एकीला आठवडाभर खोकला राहिला. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या खोलीत थांबूच नये. चाचांच्या छातीतली घरघर आम्ही ऐकली आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साचते, हे या धंद्याचं दुखणं आहे.

गादी टिकते ती नीट वापरली तर. नवारीच्या खाटेवर झोळ असेल तर आधी नवार ताणा. झोळातल्या खाटेवर कोणतीही गादी पाठ दुखवणारच. सुरुवातीला दर आठवड्याला डोक्याची बाजू पायाकडे करा आणि गादी उलटा. खाली प्लॅस्टिक घालू नका, घामाची ओल तिथेच साचते. जुन्या लुगड्याची नाडीची खोळ शिवून वर चढवा, तीच धुवा. गादीपाट धुऊ नका. उन्हात दोन्ही बाजू दोन-दोन तास. काठीने हलकेच थोपटा, लाठीमार करू नका, धागा तुटतो. पावसाळ्यात मध्ये चार दिवस उघाड पडली की शेतात जायच्या आधी गादी बाहेर टाकून जा, आणि परत यायची वेळ चुकवू नका! तीन-चार वर्षांनी उसवून पुन्हा पिंजून घ्या. थोडी रुई कमी होते, किलोभर नवी घातली की गादी पुन्हा उभी राहते. फोमला हे भाग्य नाही. तो बसला की उकिरड्यावर, आणि तिथे तो कुजतही नाही.

चारही गाद्या आम्ही चांगल्या रुईने पुन्हा भरून दिल्या. गटाचे सहा हजारांच्या वर गेले, ते आम्ही दर महिन्याच्या बचतीतून भरून काढले. काही जणी नाराज झाल्या, त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. लेकीच्या सासूबाईंनी अजून काही कळवलेलं नाही. पण परवा त्या ताई बैठकीला आल्या, सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या जावेले दोन पायजेत. पन कवडी नोको घालसान बाप्पा."

रुई आणायला आम्ही पुढच्या सोमवारी जाणार आहोत. ज्यांना चिमटीची परीक्षा हाताने करून पाहायची आहे त्यांनी सोबत यावं, रुमाल घेऊन.