गल्लीखालचं पाणी
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



चेअरमनसाहेबांनी मला सोसायटीच्या 25 वर्षांवर बोलायला सांगितलं. प्लॉट, रस्ता, सभागृह हे सगळ्यांना पाठ आहे. मी पाण्याचंच बोलतो.

2016 चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठाक. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. देशभर आपलं नाव झालं. पण आपल्या गल्लीत त्याआधीच जे झालं, ते कुठल्या पेपरात आलं नाही.

फेब्रुवारीत मी रात्रीतून गाडी बोलावून 600 फूट बोअर घेतला. पाणी लागलं, पेढे वाटले. आठच दिवसांत शेजारच्या काकूंचा 250 फुटांचा बोअर आटला. काकू भांडल्या नाहीत. घागर घेऊन दारात आल्या नि म्हणाल्या, "भाऊ, आमचंच पाणी हाय तुमच्या बोअरला. दोन घागरी भरू द्या." मे महिन्यात माझाही बंद पडला. पलीकडच्यांनी 800 फूट नेला होता.

आपल्याखाली काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांत असतं, आणि भेगांना सातबारा नसतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे फार आधी ओळखलं. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, मग पिकं ठरतात. पुरंदरच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी तर पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणशी वाटलं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य.

आपण त्या मानानं थोडंच केलं. गच्च्यांचं पाणी गाळून दोन सामाईक बोअरमध्ये सोडलं, बाकी सगळ्या बोअरच्या मोटारी काढल्या, घरटी मीटर बसवले. मीटरवरून झालेली भांडणं सांगत बसलो तर जेवण गार होईल. एका सभासदानं दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आज मीटरचं रीडिंग तेच घेतात.

धरण भरलं की विसर पडतो. आजच्या विषयपत्रिकेवर नव्या बोअरचे 4 अर्ज आहेत. त्यांतला एक माझ्या मुलाचा. त्याला रात्रीच सांगितलंय, माझा हात विरोधात वर होणार.