उद्याची चिंता आणि एक जुने गाणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात खुलताबाद येथे केलेले भाषण)



यंदा आपल्या मुलींनी 'कशाला उद्याची बात' हे गाणे बसविले आहे. वेश्येच्या तोंडचे गाणे घरंदाज मुलींनी का गावे, आणि उद्याची पर्वा करू नये असे विद्यार्थ्यांस का शिकवावे, अशा दोन शंका काही वडीलधाऱ्या मंडळींनी काढल्या आहेत. उद्याचा धडा आजच वाचून या, असे मुलांस बजावण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा उत्तर देणे आम्हांस प्राप्तच आहे.

हे गाणे 'माणूस' या बोलपटातील. पुण्याच्या प्रभात कंपनीने तो 1939 साली काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, गीत अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची, आणि गायिका शांता हुबळीकर. त्यांची मैना हे गाणे गाते. उद्या म्हटले की तिच्यापुढे अंधारच आहे. तरी ती गाते, यातच सारे मर्म आहे. ज्याची कणगी भरलेली आहे त्याने 'उद्याचे उद्या पाहू' म्हणणे हा आळस. जिला उद्याच नाही तिने तसे म्हणणे ही हिंमत होय. शिवाय कथा गाण्यापाशी थांबत नाही. मामाच्या खुनापायी मैना तुरुंगात जाते. तिच्यावर जीव जडलेल्या गणपत शिपायाने देवदासाप्रमाणे झुरून मरावे, असा त्या काळच्या चित्रपटांचा रिवाज. परंतु तो पुन्हा जगण्याकडे वळतो.

आमच्या वडिलांनी हे गाणे निजामी अमदानीत, त्या वेळच्या औरंगाबादेस ऐकले. 1948 च्या सप्टेंबरपूर्वी, रझाकारांच्या धास्तीने दारे लवकर लागत, तेव्हा ते हलक्या आवाजात गुणगुणत, असे आमची आई सांगे. पुढे 1972 च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडावयास जात. दुपारी सुकडी वाटली की वडील हेच गाणे म्हणत आणि शेजारची माणसे हसत. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या नातीने ते मोबाईलवर शोधून काढले. ते आमच्या आजोबांच्या वेळचे आहे, यावर तिचा विश्वास बसेना. सुगीच्या दिवसांत मात्र ते कोणी गुणगुणल्याचे आम्हांस स्मरत नाही.

खुद्द शांताबाई हुबळीकडच्या, मातृभाषा कानडी. पडद्यावरील वैभव सरल्यावर त्यांच्या वाट्यास एकाकी वार्धक्य आले. तरीही त्यांनी आपल्या आत्मचरित्रास नाव दिले ते 'कशाला उद्याची बात' हेच. हौसेखातर गाणाऱ्या स्त्रीस हे सुचले नसते.

पहिल्या शंकेविषयी फारसे बोलावयास नको. दुःखिताचे धैर्य कोणत्या वस्तीतून आले, हे आपण विचारू लागलो तर आपल्या संतांचे अनेक अभंगही गाळावे लागतील.

आता एक विनंती. या गाण्यात मराठीबरोबर इतर प्रांतांच्या भाषांतील कडवीही आहेत. वेळ वाचविण्याकरिता ती गाळण्याचे चालले आहे, असे कळते. आपल्या खुलताबादेच्या बाजारात मराठी, उर्दू आणि दखनी एकाच तराजूवर तोलली जातात. मुलींनी ती कडवी महिनाभर खपून पाठ केली आहेत. ती राहू द्यावीत. हवे तर आमच्या भाषणातील पाच मिनिटे कमी करावीत.