डाळिंबाची साल राखते अन्न

सोलापूरचं डाळिंब आपण आवडीनं खातो.
दाणे वाटीत,
साल मात्र कचऱ्यात.

पण ही साल मोठ्या कामाची आहे.
सोलताना बोटांवर डाग पडतात ना?
कारण सालीत टॅनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं.
हे टॅनिन बुरशी आणि जिवाणूंची वाढ रोखतं.
अन्न खवट होणंही लांबवतं.

म्हणून संशोधक साल वाळवतात,
तिची पूड करतात,
पुडीचा अर्क काढतात.
तो स्टार्चमध्ये,
किंवा कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये मिसळतात.
हे मिश्रण पातळ पसरून वाळवलं,
की वेष्टन तयार!

साधं प्लास्टिक अन्न फक्त झाकतं.
हे वेष्टन झाकतं,
आणि टिकवतंही.
ओलाव्यापुढे ते अजून कमी पडतं.
त्यावर काम सुरू आहे.

लक्षात ठेवा, श्रोतेहो,
साल म्हणजे कचरा नव्हे.
साल अन्न राखते.